रिलीज झालं, पण चॅनेलवर सामसूम: घोषणा अडकते कुठे?

टीमच्या चॅनेलवर रिलीजची घोषणा आपोआप जावी म्हणून कोणीतरी वर्कफ्लो, म्हणजे ठरलेली घटना घडली की आपोआप चालणाऱ्या कामांची साखळी, लावून ठेवतं. काही महिने तो बिनबोभाट चालतो. मग एके दिवशी सपोर्टमधून विचारणा होते, "नवी आवृत्ती आली का? आम्हाला कळलंच नाही." हे दुखणं मी इतक्यांदा निस्तरलंय, की आता लॉग उघडण्याआधीच तीन-चार संशयित डोळ्यांपुढे उभे राहतात. उदाहरणं गिटहब ॲक्शन्स (गिटहबवर वर्कफ्लो चालवणारी सोय) आणि स्लॅकची घेतली आहेत. टीम्स किंवा डिस्कॉर्डवर जिथे वेगळं वागावं लागतं, तिथे तसं सांगितलंय.

तपासायला बसण्याआधी घोषणा हाताने लिहून चॅनेलवर टाका. लोक वाट बघत असताना डोकं शांत राहत नाही, आणि घाईत यॅमल फाइलमध्ये (वर्कफ्लो जिच्यात लिहिलेला असतो) केलेला बदल नवं दुखणं जन्माला घालतो.

लक्षणं

- रिलीजचं पान दिसतंय, टॅगही (कोडवर लावलेली आवृत्तीची खूण) आहे, पण चॅनेलवर काही नाही आणि वर्कफ्लोच्या यादीत त्या वेळची नोंदही नाही.
- वर्कफ्लो चालला, हिरवी टिक आहे, तरी चॅनेल कोरडं.
- लाल फुली आहे आणि लॉगमध्ये ४००, ४०३, ४०४, ४१० किंवा ४२९ यांपैकी एखादा आकडा, म्हणजे सर्व्हरने दिलेला चुकीचा कोड.
- एकाच रिलीजचे दोन किंवा नेमके तीन मेसेज.
- मेसेज आला, पण तारका आणि चौकोनी कंस जसेच्या तसे दिसताहेत, किंवा मजकूर नाकारला गेला.
- कधी येतो, कधी येत नाही. विशेषतः चार-पाच पॅकेजेस एकदम सोडली की.

निरोप पोचलाच नसेल तर मुळाशी तीनच शक्यता असतात: निरोप निघालाच नाही, दारात अडवला गेला, किंवा भलत्याच घरी पोचला. कुठली शक्यता आहे हे ठरवल्याशिवाय काहीही दुरुस्त करायला घेऊ नका. माझे सगळ्यात वाया गेलेले तास म्हणजे स्लॅकची बाजू खोदत बसलेलो, आणि वर्कफ्लो सुरूच झालेला नव्हता.

दोन मिनिटांच्या तपासण्या

पहिली तपासणी नुसत्या डोळ्यांनी. चॅनेल म्यूट केलेलं नाही ना, आर्काइव्ह झालेलं नाही ना, आणि मेसेज जुन्या चाचणीच्या चॅनेलवर तर जात नाही ना, हे पाहा. स्लॅक ॲपचा इनकमिंग वेबहुक (ज्या पत्त्यावर मजकूर पाठवला की तो चॅनेलवर उमटतो) बनवताना जे चॅनेल निवडलं त्याच्याशी तो कायमचा बांधलेला असतो. पाठवायच्या मजकुरात दुसऱ्या चॅनेलचं नाव घातलं तरी त्याला कोणी विचारत नाही. "चॅनेल बदललं तरी मेसेज जुन्याच ठिकाणी जातोय" या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं: नव्या चॅनेलसाठी नवा वेबहुक बनवा.

दुसरी तपासणी, रिलीज खरंच प्रसिद्ध झालंय का? गिटहबवर मसुदा म्हणून जतन केलेलं रिलीज बनवणाऱ्याला यादीत दिसतं, त्यामुळे काम झाल्यासारखं वाटतं. पण मसुदा बनवल्याने, त्यात फेरफार केल्याने किंवा तो पुसल्याने वर्कफ्लो सुरू होत नाही. 'पब्लिश' दाबल्यावरच घटना घडते.

तिसरी, दोन्ही सेवांची स्टेटस पानं बघून घ्या. तिथे बिघाड नोंदवलेला असेल तर तुमच्या यॅमलला हात लावू नका.

चौथी तपासणी वाट ठरवते. रेपोतला (गिटहबवरच्या प्रकल्पाच्या कोठारातला) 'ॲक्शन्स' टॅब उघडा आणि रिलीजच्या वेळची नोंद शोधा. नोंदच नसेल तर मधले भाग सोडून थेट 'निरोप निघालाच नाही' या भागाकडे जा. नोंद असेल, हिरवी असो वा लाल, तर पुढे वाचत राहा.

हाताने एक मेसेज फेकून बघा

आपल्या मशीनवरून कर्ल (टर्मिनलमधून वेब पत्त्यावर विनंती पाठवणारी कमांड) वापरून वेबहुकवर एक ओळ पाठवा. मजकूर अगदी साधा ठेवा, एकच 'टेक्स्ट' फील्ड आणि त्यात "चाचणी". वेबहुकचा पत्ता कमांडमध्ये थेट लिहू नका, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून द्या. तो पत्ता म्हणजे पासवर्डच आहे. ज्याच्या हाती लागेल तो तुमच्या चॅनेलवर लिहू शकतो, आणि टर्मिनलचा इतिहास फार काळ जिवंत राहतो.

या चाचणीला महत्त्व अशासाठी, की एका फटक्यात अर्धं जग बाजूला होतं. मेसेज पोचला, तर वेबहुक आणि चॅनेल ठणठणीत आहेत; दोष वर्कफ्लोत आहे. नाही पोचला, तर वर्कफ्लो निर्दोष असण्याची शक्यता मोठी. स्लॅक उत्तरात काय म्हणतो ते मात्र नीट वाचा. सगळं ठीक असेल तर नुसतं 'ओके' येतं. नाहीतर:

'नो सर्व्हिस' आणि ४०४ म्हणजे तो वेबहुक आता अस्तित्वात नाही. कोणीतरी ॲप काढून टाकलं, वेबहुक बंद केला, किंवा पत्ता चुकीचा चिकटवला. 'चॅनेल इज आर्काइव्हड' आणि ४१० याचा अर्थ उघड आहे. 'ॲक्शन प्रोहिबिटेड' आणि ४०३ म्हणजे वर्कस्पेसच्या ॲडमिनने घातलेलं बंधन आडवं आलंय. इथे तुमच्या हातात काही नाही, खाली 'कुठे थांबायचं' बघा. 'इनव्हॅलिड पेलोड' आणि ४०० म्हणजे पाठवलेलं जेसन (माहिती पाठवण्याचा ठरलेला साचा) मोडकं आहे. साध्या एका ओळीलाही हेच उत्तर येत असेल, तर कमांडमधली अवतरणचिन्हं तपासा. चॅट ॲपमधून कॉपी केलेल्या कमांडमध्ये सरळ अवतरणचिन्हांची वळणदार झालेली असतात आणि डोळ्याला तो फरक दिसत नाही.

काल चालत असलेला वेबहुक आज अचानक 'नो सर्व्हिस' म्हणत असेल, तर मी पहिल्यांदा रेपोचा इतिहास बघतो. उघड्यावर पडलेले वेबहुक स्लॅक स्वतः शोधून रद्द करतो. एकदा मीच उदाहरणाची फाइल सार्वजनिक रेपोत टाकली होती आणि तिच्यात खरा पत्ता राहून गेला होता. चूक माझी, शोधाशोध मात्र सगळ्या टीमने केली.

डिस्कॉर्डवर मजकुराच्या फील्डचं नाव 'टेक्स्ट' नसून 'कंटेंट' असतं, आणि यशाचं उत्तर बहुधा रिकामं २०४ असतं. स्लॅकची स्क्रिप्ट उचलून डिस्कॉर्डला लावली की इथेच ठेच लागते.

सीक्रेट रिकामं आहे का?

हाताने मेसेज गेला, वर्कफ्लोतून जात नाही. आता सीक्रेटकडे, म्हणजे वेबहुकचा पत्ता गिटहबमध्ये लपवून ठेवला आहे त्या नोंदीकडे, वळा. गिटहबवर न सापडणाऱ्या सीक्रेटबद्दल कोणी तक्रार करत नाही. त्याच्या जागी रिकामी ओळ येते आणि वर्कफ्लो बिनधास्त पुढे जातो. नावात एक अक्षर चुकलं तरी हेच होतं.

ओळखायची युक्ती सोपी आहे. लॉगमध्ये त्या स्टेपच्या (वर्कफ्लोत जॉब असतात, जॉबमध्ये स्टेप) सुरुवातीला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची यादी छापलेली असते. सीक्रेट भरलेलं असेल तर तिथे तीन तारका दिसतात. रिकामं असेल तर काहीच दिसत नाही.

रिकामं निघालं तर तीन ठिकाणी बघा. सीक्रेट एखाद्या 'एन्व्हायर्नमेंट'खाली ठेवलं असेल, तर ज्या जॉबमध्ये त्या एन्व्हायर्नमेंटचा उल्लेख आहे त्यालाच ते मिळतं. घोषणेचा जॉब वेगळा काढला आणि ती ओळ तिथे नेली नाही, असं सर्रास होतं. ऑर्गनायझेशनच्या पातळीवरचं सीक्रेट असेल, तर कुठल्या रेपोंना ते वापरता येईल याची यादी असते. नवा रेपो त्या यादीत नसतो. आणि एका वर्कफ्लोतून दुसरा वर्कफ्लो बोलावत असाल, तर सीक्रेटं आपसूक खाली उतरत नाहीत. ती नावाने द्यावी लागतात, किंवा 'इनहेरिट' म्हणून सांगावं लागतं.

तीन तारका दिसूनही काम होत नसेल, तर सीक्रेट पुन्हा चिकटवा, शेवटी नवी ओळ किंवा मोकळी जागा येणार नाही याची काळजी घेऊन. जुनी किंमत गिटहब परत दाखवत नाही, त्यामुळे "बरोबर आहे का" हे बघण्यात वेळ घालवू नका. नव्याने भरणंच स्वस्त.

हिरवी टिक खोटं बोलते

या दुखण्यातला मला सर्वांत चीड आणणारा भाग हा. कर्ल ४०४ उत्तर आलं तरी स्वतःला यशस्वीच समजतो. त्याच्या लेखी सर्व्हरशी बोलणं झालं, उत्तर मिळालं, काम संपलं. म्हणून स्टेप हिरवी, जॉब हिरवा, आणि निरोप कचऱ्यात. अशी हिरवी टिक आठवडेच्या आठवडे सुखाने झळकत राहते.

उपाय एका शब्दाचा आहे. कर्लला 'फेल-विथ-बॉडी' हा पर्याय द्या. तो ७.७६.० या आवृत्तीपासून मिळतो. जुना 'फेल' पर्यायही स्टेप लाल करतो, पण सर्व्हरचं उत्तर गिळून टाकतो, आणि आपल्याला तर तेच उत्तर वाचायचं असतं.

वेबहुकऐवजी बॉट टोकन (स्लॅक बॉटची ओळख पटवणारी किल्ली) वापरून स्लॅकच्या 'चॅट पोस्ट मेसेज'ला हाक मारत असाल, तर हाही पर्याय पुरत नाही. तिथे चूक झाली तरी बहुतेकदा २०० हाच आकडा येतो, आणि खरी गोष्ट उत्तराच्या आत 'ओके: फॉल्स' अशी लिहिलेली असते. सोबतच्या कारणांत 'नॉट इन चॅनेल' सगळ्यात जास्त भेटतं, म्हणजे बॉटला त्या चॅनेलवर कोणी बोलावलेलंच नाही. खाजगी चॅनेल असेल तर 'चॅनेल नॉट फाउंड' येतं, आणि माणूस चॅनेलचा आयडी दहादा तपासत बसतो. आयडी बरोबर असतो. बॉट आत नसल्यामुळे त्याच्यासाठी ते चॅनेल अस्तित्वातच नसतं. आधी बॉटला चॅनेलवर बोलवा, मग स्क्रिप्टमध्ये ते 'ओके' तपासून 'फॉल्स' असल्यास स्टेप पाडा.

मागच्या वेळी चाललं, या वेळी नाही: मजकूर बघा

कोणीही काहीही बदललेलं नाही, तरी या रिलीजची घोषणा ४०० खाऊन पडली. बदललेली एकच गोष्ट असते, रिलीजच्या नोंदी. कोणीतरी त्यात दुहेरी अवतरणचिन्ह वापरलं, किंवा पहिल्यांदाच दोन परिच्छेद लिहिले. स्क्रिप्टने तो मजकूर जेसनच्या साच्यात जसाच्या तसा ओतला आणि साचा फुटला.

अवतरणचिन्हांच्या मागे उलटी तिरकी रेघ घालत बसू नका. त्या खेळात शेवटी मजकूरच जिंकतो. जेसन बनवायचं काम जेक्यूसारख्या, खास जेसनसाठीच असलेल्या अवजाराला द्या. आवृत्ती, नोंदी आणि लिंक त्याला आर्ग्युमेंट म्हणून द्यायच्या, बाकीचं तो सांभाळतो.

हे नुसतं नीटनेटकेपणापुरतं नाही. रिलीजचं शीर्षक किंवा नोंदी वर्कफ्लोच्या 'रन' ओळीत थेट एक्स्प्रेशनने घातल्या, तर तो मजकूर शेलच्या हाती स्क्रिप्टचा भाग म्हणून पडतो. शीर्षकात कोणी बॅकटिकमध्ये कमांड लिहिली तर ती चालेल, आणि त्या जॉबकडची सीक्रेटं तिच्या आवाक्यात असतील. म्हणून असा मजकूर नेहमी आधी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये घ्या आणि तिथून वापरा.

मजकूर पोचतो पण विद्रूप दिसतो, याचं कारण दोन वेगळ्या बोली. गिटहबच्या मार्कडाउनमध्ये ठळक अक्षरांसाठी दोन्हीकडे दोन-दोन तारका, स्लॅकच्या बोलीत एक-एक. लिंक लिहिण्याची तऱ्हाही निराळी. शिवाय 'अँड'चं चिन्ह आणि दोन्ही कोनी कंस स्लॅकला पाठवताना एस्केप करावे लागतात. लांबीची मर्यादा असतेच: स्लॅकच्या एका सेक्शन ब्लॉकमध्ये ३,००० अक्षरं, डिस्कॉर्डच्या साध्या मेसेजमध्ये २,०००. मोठ्या रिलीजलाच घोषणा पडते त्याचं कारण बऱ्याचदा हे.

रूपांतर करणारी स्क्रिप्ट मीही लिहिली होती आणि वर्षभर सांभाळली. आता सांभाळत नाही. आवृत्तीचा आकडा, माणसाने लिहिलेली एक ओळ आणि रिलीजच्या पानाची लिंक, एवढंच पाठवतो. पूर्ण बदलयादी चॅनेलवर वाचणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

एकाच्या जागी तीन

'रिलीज' या घटनेखाली प्रकार लिहिला नाही तर गिटहब सगळे प्रकार धरतो. पक्कं रिलीज थेट प्रसिद्ध केलं की 'क्रिएटेड', 'पब्लिश्ड' आणि 'रिलीज्ड' अशा तीन घटना घडतात. तिहेरी मेसेजचं कोडं इथेच सुटतं. नंतर कोणी शुद्धलेखन सुधारलं की 'एडिटेड' म्हणून चौथा.

प्री-रिलीजचीही (पक्क्या आवृत्तीआधी सोडलेल्या आवृत्तीचीही) घोषणा हवी असेल तर फक्त 'पब्लिश्ड' लिहा. पक्क्या आवृत्तीचीच हवी असेल तर 'रिलीज्ड'. प्री-रिलीज नंतर पक्कं केलं तरी ते चालतं. 'प्रीरिलीज्ड'वर मात्र विसंबू नका. मसुद्यातून प्रसिद्ध केलेल्या प्री-रिलीजला ते सुरूच होत नाही.

नेमके दोन मेसेज येत असतील आणि त्यांची धाटणी वेगळी असेल, तर कोणीतरी स्लॅकमधलं गिटहब ॲपही त्याच रेपोला जोडलंय. दोन्हींपैकी एक काढा.

उलट, पाच पॅकेजेस सोडली आणि दोनच मेसेज आले, तर ४२९ शोधा. स्लॅक साधारणपणे एका चॅनेलवर सेकंदाला एक मेसेज घेतो, थोडी घाई खपवून घेतो, मग थांबायला सांगतो. किती सेकंद थांबायचं ते उत्तराच्या 'रिट्राय-आफ्टर' हेडरमध्ये असतं. तेवढं थांबून पुन्हा पाठवा. त्याहून बरं म्हणजे सगळी पॅकेजेस एकाच मेसेजमध्ये घ्या.

निरोप निघालाच नाही

यादीत नोंदच नाही, ही सगळ्यात अवघड जात, कारण वाचायला लॉगच नसतो. इथे मी आधी एकच प्रश्न विचारतो: रिलीज माणसाने बनवलं की दुसऱ्या वर्कफ्लोने?

वर्कफ्लोने बनवलं असेल तर गुन्हेगार बहुधा सापडला. प्रत्येक वर्कफ्लोला गिटहबकडून आपोआप एक टोकन मिळतं. त्या टोकनने केलेल्या कामामुळे नवा वर्कफ्लो सुरू होत नाही. अपवाद 'वर्कफ्लो डिस्पॅच' आणि 'रेपोझिटरी डिस्पॅच' या दोन घटनांचा. हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे, नाहीतर वर्कफ्लोने टॅग लावावा आणि टॅगने वर्कफ्लो जागा करावा असं रहाटगाडगं फिरतच राहील. म्हणूनच हाताने रिलीज काढायचो तेव्हा घोषणा जायची आणि ते काम आपोआप केल्यापासून बंद पडली, ही तक्रार इतकी नेमाने येते.

माझा पसंतीचा उपाय म्हणजे घोषणेचा वेगळा वर्कफ्लो ठेवूच नका. रिलीज बनवणाऱ्या वर्कफ्लोतच शेवटचा जॉब म्हणून ती टाका आणि 'नीड्स'ने रिलीजच्या जॉबला बांधा. त्यात एक खाच आहे: आधीचा जॉब वगळला गेला तर हाही वगळला जातो, आणि यादीत राखाडी खूण दिसते. वेगळा वर्कफ्लो ठेवणं भागच असेल तर गिटहब ॲपचं टोकन वापरा. ते दर वेळी नवं बनतं आणि तासाभरात संपतं. कोणाचं तरी वैयक्तिक टोकन वापरूनही काम होतं, पण ते त्या माणसाच्या खात्याशी आणि मुदतीशी बांधलेलं असतं. मुदत संपली किंवा माणूस टीममधून गेला, की दुखणं परत.

माणसानेच रिलीज केलं असेल तर पुढे बघा. रिलीजच्या घटनेवर चालणारा वर्कफ्लो टॅग ज्या कमिटवर (कोडच्या जतन केलेल्या टप्प्यावर) आहे तिथल्या फाइलवरून चालतो. जुन्या शाखेवरून दुरुस्तीची आवृत्ती काढली आणि त्या शाखेत घोषणेची फाइलच नसेल, तर काहीच होणार नाही. मुख्य शाखेत फाइल कितीही सुंदर असो.

टॅगवर वर्कफ्लो लावला असेल तर टॅगचा साचा तपासा. 'व्ही'ने सुरू होणारे टॅग मागितलेत आणि कोणी नुसतं १.४.० लावलं, तर जुळत नाही. आणि एका वेळी तीनपेक्षा जास्त टॅग पुश केले तर गिटहब त्या टॅगांसाठी घटनाच तयार करत नाही. अनेक पॅकेजेस एका रेपोत ठेवणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं. टॅग एकेक करून पुश करावेत.

या सगळ्याची चाचणी घेताना खोटी रिलीजं काढू नका. घोषणेच्या वर्कफ्लोला हाताने चालवायची सोय द्या, आवृत्ती इनपुट म्हणून घ्या, आणि चाचणीसाठी वेगळ्या चॅनेलचा वेबहुक ठेवा. फाइल मुख्य शाखेत असल्याशिवाय ते बटण दिसत नाही. स्लॅकवर वेबहुकने पाठवलेला मेसेज वेबहुकनेच पुसता येत नाही, त्यामुळे खऱ्या चॅनेलवरची "चाचणी ७" सगळ्यांना दिसत राहते.

कुठे थांबायचं

वेबहुकचा पत्ता किंवा टोकन लॉगमध्ये, रेपोत किंवा स्क्रीनशॉटमध्ये उघडं पडलेलं दिसलं, तर शोधकाम तिथेच थांबवा. आधी ते रद्द करा किंवा सुरक्षा सांभाळणाऱ्यांना कळवा, बाकी नंतर.

'ॲक्शन प्रोहिबिटेड', किंवा ॲपला मंजुरी हवी असा संदेश आला, तर वर्कस्पेसच्या ॲडमिनला गाठा. आडवाटेने दुसरं ॲप बसवू नका.

रनर (वर्कफ्लो ज्या मशीनवर चालतो ते) तुमच्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये असेल आणि कर्ल टाइमआउट किंवा सर्टिफिकेटची चूक दाखवत असेल, तर ते प्रॉक्सी-फायरवॉलचं काम आहे. सर्टिफिकेट तपासणी बंद करून बघायचा मोह होतो. करू नका, त्या पत्त्यातच गुपित आहे. नेटवर्क टीमकडे जा.

टीम्स वापरत असाल आणि जुना ऑफिस ३६५ कनेक्टर असेल, तर दुरुस्ती करायला बसूच नका. ते कनेक्टर बंद करत असल्याचं मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्येच जाहीर केलंय. वर्कफ्लोज ॲपकडे जावं लागेल. तिथला प्रवाह कोणाच्या तरी खात्यावर असतो, म्हणून ॲडमिनला सांगून त्याला सहमालक जोडून घ्या.

ॲडमिनकडे जाताना चार गोष्टी न्या: वर्कफ्लोच्या नोंदीची लिंक, टाइमझोनसकट वेळ, सर्व्हरचं उत्तर शब्दशः, आणि चॅनेलचा आयडी. वेबहुकचा पत्ता तिकिटात चिकटवू नका. कुठल्या ॲपचा वेबहुक आहे एवढं सांगितलं तरी त्यांना तो सापडतो.